दोघांची सही

गोवा तुम्ही पाहिलाच असेल. मंगेशी, शांतादुर्गा, जुन्या गोव्यातली चर्चं, मिरामारची चौपाटी आणि परतताना पिशवीत काजू नि आमसुलं, एवढा गोवा तर आपल्यापैकी बहुतेकींनी केलेला असतो. मीही तसा तीनदा केला होता. पण घर विकत घ्यायच्या डोळ्यांनी एखादं गाव पाहणं ही काही वेगळीच गोष्ट आहे बाई! पाहुणी म्हणून गेलं की आपण समुद्राकडे तोंड करून बसतो. घर घ्यायला गेलं की समुद्राकडे पाठ करून भिंतींची ओल, विहिरीचं पाणी आणि पत्र्यावरचा गंज पाहत बसतो. गेल्या दीड वर्षात कळंगुटला माझ्या अशा चार खेपा झाल्या. त्यात जे पाहिलं आणि जे कळलं, ते तुमच्याही कानावर घालावंसं वाटलं. समुद्रकाठी घर घेण्याचा योग तुम्हांला येवो न येवो, यातली एक गोष्ट मात्र तुमच्या-माझ्या प्रत्येकीच्या घरापर्यंत येऊन पोचते.

कोल्हापुरात माझ्या धाकट्या दिरांची खानावळ होती. जागा भाड्याची. तांबडा-पांढरा रस्सा, सुकं मटण, भाकरी. रांधणं सगळं माझ्या धाकट्या जावेच्या हातचं. चौदा वर्षं बरं चाललं, आणि मग मालकाने जागा परत मागितली. दुसरी जागा परवडेना. तेवढ्यात भावजींच्या एका मित्राने निरोप आणला, ‘कळंगुटला एक जुनं घर निघालंय. खाली बार आणि रेस्टॉरंट, वर राहायला चार खोल्या. म्हातारं जोडपं आहे, झेपत नाही म्हणून काढतायत. दिवाळीला अर्धं कोल्हापूर-सांगली तिथे येतं आणि दोन दिवसांत मासे खाऊन कंटाळतं. तांबडा रस्सा ठेवलात तर रांग लागेल!’

भावजींच्या डोळ्यांसमोर ती रांग लगेच उभी राहिली. सासूबाईंच्या डोळ्यांसमोर मात्र फक्त ‘बार’ हा शब्द उभा राहिला! आणि आमच्या घरात कागद वाचायचा असला की तो मोठ्या वहिनींनी, असा शिरस्ता आहे. मी बी.ए. झालेली आणि अर्धवेळ का होईना, शाळेत शिकवणारी! तेव्हा दिवाळीच्या सुट्टीत माझीही बॅग भरली गेली.

खाली बार, वर बिऱ्हाड

कोल्हापूरहून आम्ही निपाणी, आजरा, आंबोली असे उतरलो. घाटात धुकं होतं. सावंतवाडी, बांदा मागे पडलं की पत्रादेवीला गोव्याची हद्द लागते. १५ ऑगस्ट १९५५ रोजी इथे सत्याग्रहींवर पोर्तुगिजांनी गोळ्या झाडल्या. त्यांचं स्मारक रस्त्यावरच आहे. पुढे पेडणं, कोलवाळचा पूल आणि म्हापसा. रेल्वेने येणाऱ्यांना थिवी स्टेशन जवळ पडतं.

कळंगुट एकेकाळी नारळी-पोफळीत लपलेलं कोळ्यांचं आणि शेतकऱ्यांचं गाव होतं. १९६० नंतरच्या दशकात परदेशी हिप्पी इथे आणि शेजारच्या बागा-हणजुण्यात येऊन राहिले, आणि त्यांच्या मागोमाग सारं जग आलं. २०११ च्या जनगणनेने तर त्याला शहरातच धरलं. दिवाळीत पाहावं तर पाय ठेवायला जागा नाही! रंगीत छत्र्या, टोप्या, काजूची दुकानं, भाड्याच्या स्कूटरींची भुणभुण. पण मुख्य रस्ता सोडून आत वळलं, सेंट अलेक्सचं पांढरंशुभ्र चर्च मागे टाकलं, की अजूनही भाताची खाचरं लागतात. सकाळी सायकलवर पाव घेऊन येणाऱ्या पोदेराचा भोंगा ऐकू येतो.

आम्हांला पाहायचं होतं ते घर अशाच एका आतल्या रस्त्यावर होतं. चिऱ्याच्या जाडजूड भिंती, मंगलोरी कौलं, दोन्ही बाजूंना बसायला सिमेंटचे कट्टे असलेला ओटा. त्याला तिकडे ‘बाल्कांव’ म्हणतात. वरच्या दोन खिडक्यांना काचेऐवजी शिंपल्यांची तावदानं अजून शाबूत होती. त्यातून येणारा उजेड दुधात हळद टाकल्यासारखा दिसे. खाली आठ टेबलांचं रेस्टॉरंट, कोपऱ्यात लाकडी गल्ला आणि त्यामागे बाटल्यांची मांडणी. मागे स्वयंपाकघर, विहीर, माड आणि एका टोकाला एक छोटीशी झोपडी.

गल्ल्यावर घरधनीण बसलेली! सत्तरीच्या पुढच्या, फुलाफुलांचा झगा, चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला. सगळं गाव त्यांना ‘आंटी’ म्हणतं, आम्हीही म्हणू लागलो. त्यांचे यजमान बाल्कांवावर वर्तमानपत्र वाचत होते. बोलणं-चालणं, भाव, हिशेब सारं आंटींकडे.

तुम्ही म्हणाल, बाई माणूस दारूच्या गल्ल्यावर? माझ्याही मनात तेच आलं. आपल्याकडे बार म्हटलं की हिरवे पडदे आणि खाली मान घालून पुढे जाणाऱ्या आपण. आंटींकडे संध्याकाळी सात वाजता पाच-सहा म्हातारे आले. एकेक पेला घेतला, फुटबॉलवर आणि भाताच्या पिकावर गप्पा मारल्या आणि साडेआठला घरोघरी गेले. एकाने दुसरा पेला मागितला तर आंटी म्हणाल्या, ‘बायलेक सांगूं?’ आणि तो हसत उठून गेला. काजूची बोंडं तुडवून रस काढतात, तो आंबवतात. पहिल्या उतारीचा तो हुर्राक आणि पुन्हा गाळली की फेणी, हे सगळं त्यांनी मला मसाल्याची कृती सांगावी तसं सांगितलं. काजूफेणीला २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, हेही त्यांना तारखेवार ठाऊक! दारू चांगली असं मी म्हणत नाही, आणि हंगामात मोठ्या रस्त्यावर जे धिंगाणे चालतात तेही मी पाहिले. पण धंदा कुठलाही असो, गल्ल्यावर कोण बसतं यावर पुष्कळ अवलंबून असतं, एवढं खरं.

एक-चौदाचा उतारा

भावजी तर त्याच रात्री इसार द्यायला निघाले होते. जावेने त्यांना थांबवलं. म्हणाली, ‘भाजी घेतानासुद्धा आपण देठ मोडून बघतो. हे तर घर आहे.’

म्हापशाला एक वकीलबाई गाठल्या. आपल्याकडे जसा सात-बारा, तसा गोव्यात ‘फॉर्म एक व चौदा’चा उतारा. त्यात मालकाचं नाव, कुळाचं नाव, जमिनीचा प्रकार हे सगळं असतं. तो काढला आणि एकेक गंमत बाहेर येऊ लागली.

पहिली गंमत म्हणजे, मागची भाताची खाचरं शेतजमीन म्हणून लागलेली. गोव्यात २०२३ च्या कायद्याने शेतकरी नसलेल्याला शेतजमीन विकत देता येत नाही. म्हणजे ‘मागे पार्किंग करू’ हा भावजींचा बेत तिथेच संपला.

दुसरी, टोकाची ती झोपडी. तिच्यात एका रेंदेराची, म्हणजे माडाची सूर काढणाऱ्याची, विधवा राहत होती. तिचा नवरा आणि सासरा त्याच जागी राहिलेले. गोव्यात अशा माणसाला मुंडकार म्हणतात आणि जमीनमालकाला भाटकार. १९७५ च्या कायद्याने मुंडकाराला हुसकावून लावता येत नाही, उलट राहतं घर विकत घ्यायचा हक्क त्याला आहे. मध्यस्थ आम्हांला म्हणत होता, ‘म्हातारी आहे, जाईल आज ना उद्या!’ जावेच्या कपाळावर आठी उठली. झोपडी आणि तिच्याभोवतीची जागा खरेदीतून वगळायची, असं तिने तिथेच सांगून टाकलं.

तिसरी गोष्ट समुद्राची. १९ फेब्रुवारी १९९१ रोजी केंद्र सरकारने किनारपट्टीचे नियम पहिल्यांदा काढले आणि भरतीच्या रेषेपासून ५०० मीटरपर्यंतच्या बांधकामांवर निर्बंध आले. पुढे २०११ आणि २०१९ मध्ये ते नव्याने निघाले. आंटींचं मूळ घर त्याआधीचं, कागदपत्रांसह. पण पुढची पत्र्याची पडवी, जिच्यात चार टेबलं होती, तिला परवानगीचा कागदच नव्हता! म्हणजे आठ टेबलांच्या भावात चार टेबलं. किंमत त्या हिशेबाने खाली आणावी लागली.

चौथी गोष्ट बारचा परवाना. पुष्कळांचा समज असा असतो, की घर घेतलं की भिंतीवरच्या फ्रेममधला परवानाही आपला. तसं नसतं. दारूचा परवाना अबकारी खात्याकडचा, तो ज्याच्या नावे त्याच्याच नावे. नव्या मालकाने वेगळा अर्ज करायचा, खातं पाहणार आणि मग ठरवणार. खानावळीला पंचायतीचा परवाना वेगळा, खाद्यपदार्थांचा वेगळा. तेव्हा अशी दुहेरी जागा घेताना एक किंमत घराची आणि एक चालत्या धंद्याची असा हिशेब मांडावा. घर कागदाने मिळतं. धंदा मिळेलच असं नाही.

आणि पाचवी गोष्ट वारसांची. घर आंटींच्या सासऱ्यांचं. मुलगे तीन. एक इथे, एक मुंबईला, तिसऱ्याने पोर्तुगीज पासपोर्ट काढला आणि तो इंग्लंडात स्विंडनला स्थायिक झालेला. गोव्यात वारसांची वाटणी करायची एक न्यायालयीन रीत आहे, तिला ‘इन्व्हेंटरी’ म्हणतात. ती या घराची झालेली नव्हती. वकीलबाई म्हणाल्या, ‘हे आधी पुरं होऊ दे. तोवर एक रुपया देऊ नका.’

आषाढातलं कळंगुट

मधल्या काळात मी आणि जाऊ अशा दोघीच एका शनिवार-रविवारला जोडून पुन्हा गेलो. आषाढ लागला होता. समुद्रकाठचं घर घ्यायचं असेल तर आषाढात पाहावं, हे माझं तुम्हांला सांगणं!

तेच गाव, पण ओळखू येईना. किनाऱ्यावरच्या झोपड्यांची हॉटेलं पावसाआधीच काढलेली. दुकानांना निळं प्लास्टिक गुंडाळलेलं. लाल बावटे, आणि पलीकडे चहाच्या रंगाचा, खवळलेला समुद्र. २००० सालच्या जूनमध्ये ‘रिव्हर प्रिन्सेस’ नावाचं मोठं जहाज इथल्याच कांदोळीच्या किनाऱ्यावर येऊन रुतलं होतं. ते हलवायला २०१२ उजाडलं. असा हा समुद्र. १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत ट्रॉलरना मासेमारी बंद, त्यामुळे बाजारात ताजी मासळी थोडी आणि महाग. घरोघरी सुक्या बांगड्याचा नि सुंगटांचा वास.

आंटींच्या घरात आम्ही दोन रात्री राहिलो. तेव्हा काय काय दिसलं म्हणून सांगू! वरच्या खोलीत पश्चिमेच्या भिंतीला हाताएवढी ओल. स्वयंपाकघरातल्या फ्रीजचे पाय खारट हवेने कुरतडलेले. लोखंडी खिडकीची कडी हातातच आली. वीज दिवसातून तीनदा गेली. विहिरीचं पाणी मात्र गोड निघालं. पण आंटींनी सांगितलं, की मे महिन्यात त्याची चव बदलते, तेव्हा मेच्या शेवटी पुन्हा चाखून बघा. विकणाऱ्या बाईने हे आपणहून सांगावं! दोन दिवसांत गिऱ्हाईक आलं तेरा माणसं. जाऊ वहीत मोजत होती.

रात्री आंटींनी पेज आणि खारात मुरवलेला आंबा वाढला आणि हिशेबाच्या जुन्या वह्या काढल्या. ऑक्टोबर ते मे कमवायचं आणि जून ते सप्टेंबर ते पुरवायचं. नाताळच्या आठवड्यातली कमाई हातात खेळू द्यायची नाही, ती सरळ पावसाळ्याच्या डब्यात. नोकर पावसाळ्यात गावी जातात, त्यांना चार महिने अर्धा पगार दिला तरच ते ऑक्टोबरात परत येतात. ‘दिवाळीत बघून घर घेणारे पुढच्या ऑगस्टात विकायला काढतात,’ असं त्या म्हणाल्या. जावेने सगळं उतरवून घेतलं. कोल्हापूरला आल्यावर तिने भावजींना तो हिशेब दाखवला आणि बँकेकडून घ्यायच्या कर्जाचा आकडा तिथल्या तिथे खाली आला.

तुजें नांव खंय?

इन्व्हेंटरी पुरी व्हायला दिवस लागले. तिन्ही भावांच्या सह्या लागणार हे आम्हांला ठाऊक होतं. पण वकीलबाईंनी सांगितलं, सह्या तीन नव्हेत, सहा! तिघांच्या बायकांच्यासुद्धा. भावजी म्हणाले, ‘पण वडिलोपार्जित घर भावांचं. बायकांचा काय संबंध?’

तेव्हा वकीलबाईंनी आम्हांला जे समजावून दिलं, ते तुम्ही जरा नीट ऐका.

पोर्तुगिजांनी १८६७ मध्ये आपला नागरी कायदा केला आणि तो पुढे गोव्यालाही लावला. १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला, पण कौटुंबिक बाबतींतला हा कायदा १९६२ च्या अधिनियमाने तसाच चालू ठेवला गेला. वारसाचा भाग पुढे गोव्याच्या स्वतःच्या कायद्यात आला, तो २०१६ च्या डिसेंबरात लागू झाला. हिंदू असो, ख्रिस्ती असो वा मुसलमान, मूळ गोवेकरांना तो लागू. त्यात असं आहे, की लग्नाआधी वेगळा करार केला नसेल, तर लग्नानंतर नवऱ्याचं आणि बायकोचं सगळं एकत्र होतं. त्याने आणलेलं, तिने आणलेलं, दोघांना वारशाने आलेलं, पुढे मिळवलेलं, सगळ्यात अर्धा वाटा तिचा. जुन्या कायद्याने कारभार नवऱ्याच्या हाती ठेवला होता खरा; पण स्थावर विकायचं तर बायकोची संमती हवीच. शिवाय आईबापांना मुलांना पूर्णपणे वगळता येत नाही. अर्धी मालमत्ता मुलांसाठी, म्हणजे मुलींसाठीसुद्धा, राखलेली असते.

हा कायदा म्हणजे स्वर्ग नव्हे. तिथेही सही करण्यासाठी बायकांवर दडपण येतं, तिथेही भांडणं होतातच. पण निदान तिला विचारावं तरी लागतं!

स्विंडनच्या सूनबाईंनी तर दोन महिने सही केली नाही. त्यांना आपल्या वाट्याची रक्कम कागदावर हवी होती, आणि ती लिहून मिळाल्यावरच त्यांनी मुखत्यारपत्र पाठवलं. परदेशातून आलेल्या मुखत्यारपत्रावर ते भारतात पोचल्यापासून तीन महिन्यांत मुद्रांक लावून घ्यावा लागतो, हेही यानिमित्ताने कळलं. भावजी वैतागले होते. मला मात्र त्या न पाहिलेल्या बाईचं कौतुकच वाटलं.

मग एके दिवशी वकीलबाईंच्या कचेरीत खरेदीखताचा मसुदा वाचायला सगळे जमलो. शुक्रवार होता, म्हापशाचा बाजाराचा दिवस. खाली मयड्याच्या लांबलचक केळ्यांचे घड आणि चवरिसांच्या माळा टांगलेल्या, नुसता गलबला. वर वकीलबाई वाचत होत्या. विकणार म्हणून आंटींचे यजमान ‘व त्यांची पत्नी’, दुसरा भाऊ ‘व त्याची पत्नी’, तिसरा ‘व त्याची पत्नी’. मग आला खरेदी घेणारा. तिथे एकच नाव. भावजींचं.

आंटींनी चष्मा डोळ्यांवर चढवला, जावेकडे पाहिलं आणि विचारलं, ‘आनी तुजें नांव खंय?’

कुणीच काही बोललं नाही. मी मनात जमाखर्च मांडला. कोल्हापुरात बँकेने कर्ज दिलं तेव्हा जामीनदार म्हणून सही कुणाची घेतली? जावेची. इसाराची रक्कम उभी करायला मोडल्या त्या पाटल्या आणि मोहनमाळ कुणाची? तिची, माहेरची. चूल पेटवायची कुणी? तिने. म्हणजे कर्जाच्या कागदावर तिची सही होती, आणि घराच्या कागदावर तिचं नाव नव्हतं!

भावजी वाईट माणूस नाहीत. त्यांच्या डोक्यातच ते आलं नव्हतं. म्हणाले, ‘असं काय वहिनी, माझं ते तिचंच की!’

जाऊ कधी चारचौघांत बोलत नाही. त्या दिवशी अगदी हळू आवाजात म्हणाली, ‘माझंच असेल, तर लिहायला काय हरकत आहे?’

भावजी म्हणाले, आईला विचारायला हवं. विचारा म्हटलं. फोन लावला. सासूबाईंना सगळं सांगितलं. पलीकडे थोडा वेळ शांतता, आणि मग त्यांचा तो खणखणीत आवाज, फोनबाहेर आम्हां सगळ्यांना ऐकू आला. ‘लिहा तिचं नाव! तुमचे वडील गेल्यावर या घराला माझं नाव लागावं म्हणून सहा वर्षं तलाठ्याच्या दारात चपला झिजवल्यात मी. बार काढायचा तो काढा, पण हे आधी करा.’

वकीलबाईंनी मसुद्यावर पेनाने दोन शब्द वाढवले. महिन्याभराने, मार्गशीर्षात, म्हापशाच्या सब-रजिस्ट्रारच्या कचेरीत खरेदीखत झालं. आंटींनी सही केली, अंगठा दिला, फोटो काढून घेतला. जावेनेही. बाहेर आल्यावर आंटींनी कमरेचा किल्ल्यांचा जुडगा सोडला आणि तो जावेच्या हातात ठेवला.

बारच्या परवान्याचा अर्ज अजून खात्याकडे आहे. ‘आधी ताटं वाढू, मग पेल्यांचं बघू,’ असं आता भावजीच म्हणतात. शिंपल्यांची तावदानं तशीच ठेवली आहेत. मागच्या झोपडीतल्या आजीबाई सकाळी नारळ सोलून देतात. पहिला पावसाळा मात्र अजून जायचा आहे, आणि खरी परीक्षा ती आहे.

आपल्या घरी

मैत्रिणींनो, गोव्याचा कायदा तुम्हां-आम्हांला लागू नाही. आपल्याकडे नवऱ्याच्या एकट्याच्या नावावर घेतलेलं घर त्याच्या हयातीत त्याचंच. मृत्युपत्र न करता तो गेला, तर १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याप्रमाणे बायको, मुलगे, मुली आणि त्याची आई असे सारखे वाटेकरी होतात, आणि मग सासूबाईंसारख्या चपला झिजतात. पण घेतानाच दोघांची नावं घालायला कुठल्याच कायद्याने मनाई केलेली नाही. महाराष्ट्रात तर १ एप्रिल २०२१ पासून राहतं घर फक्त बाईच्या नावावर घेतलं, तर मुद्रांक शुल्कात एक टक्क्याची सवलतही आहे.

भांडून नव्हे, रुसून नव्हे. भाजी निवडता निवडता विचारावं, तसं विचारा. बहुतेक घरांत उत्तर ‘अरेच्चा, खरंच की!’ असंच येतं, कारण कुणी मुद्दाम काही केलेलं नसतं. विचारलंच नसतं कुणी. एखाद्या दुपारी मुलं शाळेत गेली, भांडी झाली, की कपाटातली ती फाइल काढा. कर्जाच्या कागदावर तुमची सही असेल, तर घराच्या कागदावर तुमचं नाव आहे का, एवढं फक्त वाचून बघा.